एक आठल्ये

ज्यांच्या नावाने मापं चालतात ती माणसं बहुधा हयात नसतात. न्यूटन गेला, वॅट गेला, व्होल्टाही गेला. माझ्या नावाचं माप सुरू झालं तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि लिंडहोव्हनच्या मंगळवारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा होतो. फोन काल्डेरा बाईंचा होता. युरोपातल्या हवाई नियंत्रणाची उद्दिष्टं ठरवणाऱ्या मंडळाच्या त्या अध्यक्ष.

"अभिनंदन, दिगंबर," त्या म्हणाल्या. "काल ठराव झाला. नियंत्रकांच्या कामाचा भार यापुढे आठल्येत मोजायचा. एक आठल्ये म्हणजे चौदा विमानं, अठरा मिनिटं, एक माणूस."

"माझं नाव कशाला उगाच," मी म्हणालो. पण फोन ठेवल्यावर मी ते कोथिंबीरवाल्यालाही सांगितलं.

या मापाची गोष्ट समजायची तर आकाशाचं भाडं कोण कुणाला देतं ते आधी समजून घ्यायला हवं.

माझं लहानपण दाभोळला गेलं. तिथल्या खाडीवर तर चालायची. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. पलीकडे जायचं तर नावाड्याला भाडं द्यायचं. आकाशातही तसंच आहे. विमान एखाद्या देशात उतरो न उतरो, त्याच्या आकाशातून गेलं की तिथल्या नियंत्रण केंद्राला भाडं द्यावं लागतं. विमान जितकं जड आणि वाट जितकी लांब, तितकं भाडं जास्त. त्या बदल्यात जमिनीवर बसलेला नियंत्रक पडद्यावर त्या विमानाचा ठिपका बघत असतो आणि वैमानिकाला रेडिओवरून सांगत असतो: इकडे वळ, इतका खाली ये, समोरच्यापासून पाच मैल लांब राहा.

आता खाडीवर नावाडी एकच असेल तर तो वाटेल ते भाडं मागेल आणि वाटेल तेव्हा होडी सोडेल. आकाशातही केंद्र एकच असतं, विमानाला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. म्हणून त्यांच्यावर एक मंडळ नेमलेलं असतं. ते दर काही वर्षांनी प्रत्येक केंद्राला सांगतं, विमानांना सरासरी इतक्या मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नका आणि भाडं इतक्याच्या वर नेऊ नका. जमलं तर बक्षीस, नाही जमलं तर कपात. कल्पना चांगलीच आहे, मी आजही तसंच म्हणेन. फक्त उशिराला दंड लावला आणि भाडंही बांधून दिलं की नावाडी काय करतो, हे दाभोळच्या कुठल्याही पोराने मंडळाला सांगितलं असतं. तो एक वल्हेकरी कमी करतो आणि होडी जास्त भरतो.

मी लिंडहोव्हनच्या केंद्रात नियंत्रक होतो तेव्हा आमच्या खोलीत प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या असायच्या. पहिल्या खुर्चीवरचा माणूस वैमानिकांशी बोलायचा. दुसरा बोलायचा नाही; दहा मिनिटांनी कोण कुणाच्या वाटेत येणार आहे, तेवढं बघायचा. खर्च कमी करायचा तर ही दुसरी खुर्ची सगळ्यांच्या डोळ्यांवर येणार हे उघड होतं. पण पहिल्या माणसाच्या डोक्यात तेवढी जागा शिल्लक आहे का, हे मोजायचं कसं?

ते मातेय नावाच्या एका स्लोव्हेनियन इंजिनिअरने शोधून काढलं. आपण बोलतो तेव्हा घशातले स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात. मन निवांत असलं की हे कंप एकसारखे पडतात. डोक्यावर भार आला की घशाचे स्नायू आवळले जातात, कंप किंचित वेडेवाकडे होतात, दोन शब्दांमधल्या जागा कमीजास्त होतात. हा फरक इतका बारीक असतो की कानाला कळत नाही. फोनवर आईला कधी कधी कळतो, तेवढाच. मातेयच्या यंत्राला दर वेळी कळायचा. दमलेल्या नियंत्रकाला वेळेवर खुर्चीवरून उठवावं म्हणून त्याने ते बनवलं होतं. मंडळाने त्याला उलटा प्रश्न विचारला: स्वर हलत नसेल, तर त्या माणसावर आणखी किती टाकता येईल?

त्यासाठी मोजपट्टी हवी होती. मातेयने जुन्या ध्वनिफिती यंत्राला ऐकवल्या, आणि यंत्राने त्यातून माझी अठरा मिनिटं निवडली. सतरा जुलै दोन हजार एकोणीस, दुपार. वादळ होतं, विमानं ढग टाळायला भलतीकडे वळत होती. माझ्या जोडीदाराला उलट्या सुरू झाल्या म्हणून घरी पाठवलं होतं, त्यामुळे दुसरी खुर्ची नोंदीप्रमाणे रिकामी. चौदा विमानं, आणि माझा स्वर शेवटपर्यंत सपाट.

मंडळाने मला सल्लागार म्हणून बोलावलं. काल्डेरा बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "तुम्ही खरंच एकटे होता?"

"नोंदीत आहे तसंच आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं.

नोंदीत हालिना नव्हती. तिची पाळी नुकतीच संपली होती. कामाच्या नोंदीतून नाव काढून, पिशवी खांद्याला लावून ती दाराकडे निघाली होती, आणि जाता जाता माझ्या टेबलामागे थांबली. मी गप्प बसलो होतो. पडद्यावर चौदा ठिपके होते आणि त्यातला एकही मला वाचता येत नव्हता. माणूस गोठतो म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. हात चालतात, डोळे चालतात, फक्त पुढचा विचार येत नाही. हालिनाने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "दोनशे सहा. वीस अंश डावीकडे." मी त्या क्रमांकाच्या विमानासाठी ते रेडिओवर म्हटलं. "नव्वद. तिथेच थांबव, खाली नको." तेही म्हटलं. अठरा मिनिटं मी फक्त तिचं बोलणं पुढे पाठवत होतो.

आमच्या खोलीची ही रीतच होती. एखादं टेबल जड झालेलं दिसलं की घरी निघालेला माणूस पाच-दहा मिनिटं मागे उभा राहायचा. नाव न नोंदवता काम करणं नियमाविरुद्ध होतं, परवाना जाऊ शकत होता, म्हणून कुणी ते लिहायचं नाही आणि कुणी आभारही मानायचं नाही. मंडळाने मागवलेल्या वीस वर्षांच्या आकड्यांत ही उभी माणसं कुठेच नव्हती. "मी इथे नव्हते," जाताना हालिना म्हणाली, आणि मी मान हलवली.

पहिली चार वर्षं मी तिच्यासाठी गप्प राहिलो. मग ती निवृत्त होऊन पोलंडला गेली. त्यानंतर मी माझ्यासाठी गप्प राहिलो.

आणि मला हे कळत नव्हतं असं नाही. मातेयने यंत्र समजावून सांगितलं त्याच दिवशी माझा स्वर का हलला नाही ते मला कळलं होतं. मी विचारच करत नव्हतो. भार दुसऱ्याच्या डोक्यावर होता आणि यंत्र माझा घसा मोजत होतं. तेव्हा हात वर करून बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पाणी प्यालो आणि ठरावाच्या मसुद्यावर सही केली.

रविवारी मी इथल्या मराठी मुलांचा वर्ग घेतो. बाराखडी, पाढे आणि मुलं विचारतील ते विज्ञान. मापाची बातमी आल्यावर पालकांनी आग्रह केला, म्हणून मी वर्गात ती ध्वनिफीत लावली. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. मुक्ता नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे, तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही घाबरला नव्हता?"

"नाही," मी म्हणालो. मुलांशी मी खोटं बोलत नाही, असं तोवर मला वाटायचं.

दुसऱ्या खुर्च्या वर्षभरात निघाल्या. एकवीस केंद्रांत निघाल्या. भाडं उतरलं, उशीरही कमी झाला, आणि वर्तमानपत्रांनी मंडळाचं कौतुक केलं.

ओवी गुंजाळ तेव्हा लिंडहोव्हन केंद्रात होती. संगमनेरची मुलगी, मी शिकवलेल्या शेवटच्या तुकडीतली, आणि त्या तुकडीत सगळ्यात चांगली. महिन्यातून एकदा शनिवारी आमच्याकडे जेवायला यायची. अशाच एका शनिवारी शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, घावन केले होते.

"काका, परवा मी एक पूर्णांक एक आठल्ये चालवला," ओवी म्हणाली.

"म्हणजे तुझ्या काकांपेक्षा जास्त," शैला तव्यापासून म्हणाली. "यांना घरात अर्धा आठल्ये जमत नाही. दूध आणि मीठ सांगितलं की एकच काहीतरी घेऊन येतात."

ओवी हसली. "काकू, खोलीत त्यांचं नाव दिवसातून पन्नास वेळा घेतात. पण ऐकण्यासारखं नसतं ते."

"शिव्या देतात?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही हो. मापाला." तिने घावनाचा तुकडा चटणीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "ज्याचा आवाज हलतो त्याची विमानं यंत्र काढून घेतं. आणि ज्याचा हलत नाही त्याच्याकडे देतं. तो योरिस आहे ना, तो मुद्दाम घसा आवळून बोलायचा. आठवडाभर आरामात होता. मग यंत्राने पकडला."

"तू का नाही करत तसं?" शैलाने विचारलं.

"मला येतच नाही. काकांनीच शिकवलंय, वैमानिकाला आपली भीती ऐकू जाता कामा नये. इतकं घोटून घेतलंय की आता भीती वाटली की माझा आवाज आणखी सरळ होतो. यंत्राला वाटतं, वा, हिच्याकडे जागा आहे."

"भीती वाटते तुला?" मी म्हणालो.

"रोज वाटते. तुम्हाला नाही वाटायची?"

"गरम आहेत तोवर खा," मी म्हणालो आणि तिच्या ताटात घावन वाढला.

पुढच्या मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी अकराला, ओवीने एका विमानाला खाली उतरायची परवानगी दिली. त्याच उंचीवरून दुसरं विमान आडवं येत होतं. हे दहा मिनिटं आधी बघणं दुसऱ्या खुर्चीचं काम. दोन्ही विमानांत शेवटच्या क्षणी इशारा देणारं यंत्र असतं. त्याने एकाला वर नेलं, एकाला खाली. पाच मैल अंतर हवं होतं तिथे दीड मैल उरलं होतं. एका विमानातली हवाई सेविका चहाच्या गाडीसकट आपटली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकी सगळे बचावले.

ओवीकडे त्या वेळी तेरा विमानं होती. एका आठल्येपेक्षा एक विमान कमी. ध्वनिफितीत तिचा स्वर चुकीची सूचना देतानाही सपाट होता. चौकशीच्या अहवालात एक ओळ आली: क्षमता शिल्लक असताना दुर्लक्ष. दुर्लक्ष सिद्ध झालं तर परवाना कायमचा जातो.

ती घरी आली ती दारातच उभी राहिली. चहा नको म्हणाली.

"सर, सुनावणीला याल?" कामावर ती मला सर म्हणायची आणि घरात काका. "मी निष्काळजी नाही, एवढंच सांगा. तुमचं ऐकतील ते. तुमच्याच नावाने मोजलंय मला."

"येईन," मी म्हणालो.

मी दोन पानी पत्र लिहिलं. ओवी किती मेहनती, किती काटेकोर, तुकडीत पहिली. शैलाने चष्मा लावून ते वाचलं.

"सगळं तिचं चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "मग तुम्ही चार दिवस नीट जेवत का नाही?"

तेव्हा मी तिला सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिने पत्राची घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"त्या पोरांना वर्गात ऐकवलंत ते हेच?"

"हो."

"मग आता मला विचारू नका काय करायचं म्हणून," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

सुनावणी केंद्राच्याच एका खोलीत होती. परवाना खात्याचे दोन अधिकारी, यंत्र समजावून सांगायला मातेय, आणि माप मंडळाचं असल्याने अध्यक्ष काल्डेरा बाई. ओवी भिंतीकडच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती.

इतकं होऊनही मी आधी ते पत्रच वाचलं. वाचताना मला वाटत होतं, कदाचित एवढ्याने भागेल.

काल्डेरा बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या शब्दाला मान आहे, दिगंबर. पण एक गोष्ट मला उलगडत नाही. चौदा तुम्ही एकट्याने सांभाळलीत. इतकी हुशार मुलगी, आणि तुम्हीच शिकवलेली. तिला तेरा का जमू नयेत?"

ओवीने मान वर केली. तिलाही याचं उत्तर हवं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"मी एकटा नव्हतो," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. हालिनाचं नाव, तिची संपलेली पाळी, खुर्चीवरचा हात. सांगायला फार वेळ लागला नाही. याचीच मला जास्त लाज वाटली.

परवाना खात्याचा एक अधिकारी म्हणाला, "विद्यार्थिनीला वाचवायला हे सोयीचं आहे. नोंद तुमच्या विरुद्ध आहे. पुरावा काय?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. मातेयने मात्र वही बाजूला सारली.

"बोलायच्या आधी पायाखालचं बटण कधी दाबत होतात?" त्याने मला विचारलं. आमच्याकडे पायाने बटण दाबल्यावर रेडिओ चालू होतो, आणि तेवढाच आवाज नोंदला जातो.

"दाबूनच ठेवलं होतं बहुतेक," मी म्हणालो. "पुढचा शब्द कधी येतोय याची वाट बघत. मी घाबरलो होतो."

"मग तिचा आवाज असेल त्यात," मातेय म्हणाला. "मी यंत्राला दिली ती फीत गाळलेली होती. मागची कुजबुज मीच काढून टाकली. मला वाटलं खोलीतला गोंगाट आहे." त्याची मान खाली होती. "मूळ फीत आहे माझ्याकडे."

त्याने ती लावली. आधी खरखर. मग एका बाईचा अगदी हळू आवाज, आणि त्यामागून माझा, मोठा आणि गुळगुळीत. दोनशे सहा. दोनशे सहा, वीस अंश डावीकडे. प्रत्येक वाक्य दोनदा. ओवी पुढे झुकून ऐकत होती.

मातेयने त्या दुसऱ्या आवाजावर यंत्र लावलं. पडद्यावरची रेघ वर गेली आणि वरच्या काठाला टेकून राहिली.

"इतका भार मी कुठल्याही फितीत बघितलेला नाही," तो म्हणाला.

ती माझ्या मागे उभी होती, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नव्हता. तिचा आवाज मला त्या दिवशी खडकासारखा वाटला होता. ती अठरा मिनिटं घाबरलेली होती, आणि मी ते कधी विचारलंही नव्हतं.

मातेयने फीत बंद केली. मग काल्डेरा बाई म्हणाल्या, "हे माप तीन वर्षं एकवीस केंद्रांत चालू आहे."

"हो."

"ठरावाच्या मसुद्यावर तुमची सही आहे."

"हो."

 ओवीवरचा दुर्लक्षाचा ठपका त्याच दिवशी मागे घेतला गेला, परवाना राहिला. नवं माप ठरेपर्यंत दुसऱ्या खुर्च्या परत लावायचा आदेश निघाला. टिपणं घेणाऱ्या अधिकाऱ्याने पेन थांबवून विचारलं, "मग तोवर काय धरायचं? चौदा भागिले दोन, माणशी सात?"

"सात नाही," ओवी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "त्या येईपर्यंत सरांना एकही जमत नव्हतं. शून्य लिहा."

तिला मला लागेल असं काही बोलायचं नव्हतं. तिने फक्त आकडा दुरुस्त केला.

बाहेरच्या लांब बोळात मी तिच्याबरोबर चालू लागलो. मला क्षमा मागायची होती. जिन्यापाशी तीच थांबली.

"तुमची ती फीत माझ्या फोनमध्ये आहे," ती म्हणाली. "जड दिवस असला की घरी जाऊन ऐकायचे. यांना जमतं तर मला का जमत नाही, मी कुठे कमी पडते, ते शोधायला. तीन वर्षं ऐकतेय."

"ओवी—"

"एक विचारू? त्या आधी काय सांगायच्या, दिशा की उंची? आत्ता ऐकताना वाटलं की आधी थोपवायच्या आणि मग वळवायच्या. तसंच होतं का दर वेळी?"

मी आठवायचा प्रयत्न केला. आयुष्यभर मुलांना शिकवलं, प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय कधी सोडलं नाही.

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "मी फक्त बोलत होतो."

तिने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं. मग पिशवीतून फोन काढला.

"त्यांचा नंबर द्या. मी त्यांनाच विचारते."

मीही खिशातून फोन काढला. चष्मा लावला, नावांची यादी उघडली आणि वरपासून खालपर्यंत सावकाश बघत राहिलो. ओवी समोर उभी होती. त्या यादीत हालिना नाही, हे मला ती उघडायच्या आधीपासून माहीत होतं.